गोव्याचं लायसन्स, इंग्लंडचे रस्ते आणि मधलं एक वर्ष

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, लायसन्स २० वर्षांपूर्वी काढलेलं, त्यावर गियरची दुचाकी आणि मोटार दोन्ही. लायसन्सची मुदत येत्या फेब्रुवारीत संपते. यजमान आधी दुबईत होते, तिथलं लायसन्स त्यांच्याकडे आहे, आणि तिथून अडीच वर्षांपूर्वी ते नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडात स्विंडनला गेले. ताई गणपतीची चवथ आटोपून सप्टेंबरअखेर डिपेंडंट व्हिसावर त्यांच्याकडे जाणार. एका शेजारणीने सांगितलं, "एक वर्स चलता गो, मागीर पळोवया," म्हणजे एक वर्ष चालतं, मग बघू. दुसऱ्या कुणी सांगितलं, इंटरनॅशनल परमिट काढ म्हणजे झालं. तिसऱ्याचं म्हणणं, पोर्तुगीज पासपोर्टचं काम चालूच आहे, तो हातात आला की युरोपचे नियम लागतील. यातलं कुणाचं धरायचं?

ताई, म्हापशात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकवणं आणि आरटीओची कागदपत्रं, दोन्ही आम्ही करतो. बार्देश, पेडणे, डिचोलीची कितीतरी मुलं-माणसं आमच्याकडे गाडी शिकून बाहेर गेली आहेत. निघताना त्यांचा एकच प्रश्न असतो, "आपलं लायसन्स तिकडे चालतं का?" चालतं, असं ऐकलं की विषय संपला. मग दहाव्या-अकराव्या महिन्यात फोन येतो, आता काय करू म्हणून. म्हणून "चालतं का" याचं उत्तर मी पटकन देतो, आणि त्या एका वर्षात काय करायचं यावर जास्त लिहितो. तुमची खरी अडचण तिथे आहे.

शेजारणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. भारतात मिळालेलं पूर्ण लायसन्स असेल तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये राहायला गेल्या दिवसापासून १२ महिने तुम्ही त्यावर गाडी चालवू शकता. लर्निंगवर नाही. लायसन्सवर ज्या प्रकारची वाहनं आहेत तेवढीच, म्हणजे तुमच्या बाबतीत मोटार आणि दुचाकी. एल पाटी लावायची गरज नाही, शेजारी कुणी बसवायची गरज नाही, मोटरवेवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावरही जाता येतं. आपलं कार्ड इंग्रजीत असल्याने भाषांतर लागत नाही. उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा आहे, तो इथे सोडून देतो.

हे १२ महिने तुम्ही तिथे राहायला लागलात त्या दिवसापासून मोजायचे. पहिल्यांदा गाडी हातात घेतली त्या दिवसापासून नाही. मध्ये शिमग्याला पंधरा दिवस गोव्यात येऊन परत गेलात तर घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही, कारण तुमचं राहतं घर स्विंडनलाच आहे. टुरिस्ट म्हणून जाणाऱ्याचा हिशेब वेगळा, आणि लोक तोच हिशेब ऐकून येतात. शिवाय ही सवलत लायसन्स जिवंत असेपर्यंतच. तुमचं फेब्रुवारीत संपतंय, म्हणजे शेजारणीच्या एका वर्षातले तुमच्या वाट्याला पाचच महिने. हे आधी दुरुस्त करा.

भारतात लायसन्सचं नूतनीकरण मुदत संपण्याआधी एक वर्षापासून करता येतं. तेव्हा निघण्यापूर्वीच सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर अर्ज टाका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ३० ते ५० वयात नूतनीकरण केलं तर १० वर्षांची मुदत मिळते. जुन्या नियमासारखी २० वर्षं आता मिळत नाहीत. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरायचे, ती सवलतही त्याच दुरुस्तीत गेली. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा. चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरचा दाखला लागतो, तुम्ही त्याआधीच्या आहात. लायसन्स जुन्या काळचं असेल तर त्याचा नंबर पोर्टलवर दिसतो का ते आधी बघा. नोंद दिसत नसेल तर ऑनलाईन अर्ज पुढेच सरकत नाही, आधी आरटीओत जाऊन ती चढवून घ्यावी लागते, आणि त्यात दिवस जातात.

त्याच खेपेला नावही बघा. २० वर्षांपूर्वीचं लायसन्स म्हणजे बहुतेक माहेरच्या नावाचं, आणि पासपोर्ट आता सासरच्या नावाचा. इथे कुणी अडवत नाही म्हणून आपण ते तसंच ठेवतो. तिकडे पोलीस, विमा कंपनी आणि भाड्याने गाडी देणारा, तिघेही दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतात. स्पेलिंगचाही तोच प्रकार. पासपोर्टवर जे आहे तेच लायसन्सवर आणा. आणि प्लास्टिकचं कार्ड बरोबर न्या, डिजिलॉकरमधलं लायसन्स आपल्या नाक्यावर चालतं, तिकडे नाही.

आता परमिट. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या भागाच्या आरटीओतून मिळतं, सरकारी फी १००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. पासपोर्ट दाखवावा लागतो, व्हिसाची अट २०२२ मध्ये काढून टाकली. १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली ते दिलं जातं. स्वतःहून त्याला काही अर्थ नाही, मूळ लायसन्ससोबतच ते चालतं. ब्रिटनमध्ये आपल्या इंग्रजी कार्डासोबत ते कायद्याने लागत नाही. त्याने तुमचे १२ महिने एका दिवसानेही वाढत नाहीत. भाड्याने गाडी देणाऱ्या काही कंपन्या मागतात, म्हणून तिथून युरोपात फिरायचा बेत असेल तर काढून ठेवा. एरवी मी तरी तुम्हाला त्यावर पैसे घालायला सांगणार नाही. इंटरनेटवर घरबसल्या दहा वर्षांचं "इंटरनॅशनल लायसन्स" विकणारे मात्र निव्वळ लबाड आहेत.

पोर्तुगीज पासपोर्टचा गैरसमज गोव्याबाहेर कुणाला कळणारही नाही, पण आपल्याकडे तो घरोघरी आहे. लायसन्सच्या बाबतीत तुम्ही कुठल्या देशाचे नागरिक हे कुणी विचारत नाही. लायसन्स कुठल्या देशाने दिलं आणि परीक्षा कुठे झाली, एवढंच बघतात. लिस्बनला नोंदणी झाली, पासपोर्ट आला, तरी तुमच्या खिशातलं कार्ड गोव्याचंच राहतं. पोर्तुगालात राहून, तिथे परीक्षा देऊन लायसन्स घेतलेल्या गोंयकाराची गोष्ट निराळी. ते युरोपियन लायसन्स ब्रिटनमध्ये बदलूनही मिळतं. पण काही जण सुचवतात तसं आपलं लायसन्स पोर्तुगालात बदलून घ्यायचं आणि ते ब्रिटनमध्ये पुढे करायचं, ही पळवाट चालत नाही. मूळ परीक्षा भारतातली हे तिथे धरलं जातं.

आणि आता तुमच्या प्रश्नात तुम्ही सहज लिहून गेलात ती गोष्ट. यजमानांचं दुबईचं लायसन्स. ब्रिटनकडे काही देशांची एक यादी आहे, त्या देशांचं लायसन्स परीक्षा न देता बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही. संयुक्त अरब अमिराती २०२१ पासून आहे. कुवेत, कतार, ओमान, बहारीन, सौदी यांपैकी कुणीही नाही, त्यामुळे मस्कतहून गेलेल्याने हे वाचून हुरळून जाऊ नये. आपल्या माणसाला दुबईत परीक्षा देऊनच लायसन्स मिळतं, त्यामुळे मूळ परीक्षेची अट आपोआप भागते. यजमानांना तिथे राहायला अडीच वर्षं झाली, म्हणजे त्या लायसन्सवर गाडी चालवायची मुभा केव्हाच संपली आहे. पण बदलून घेण्याची मुभा राहायला गेल्यापासून ५ वर्षांची असते. ते लायसन्स अजून मुदतीत असेल तर आजच अर्ज करायला सांगा. मुदत संपत आली असेल तर आधी दुबईकडून वाढवून घेता येतं का ते बघायला सांगा. परीक्षा गियरच्या गाडीवर दिल्याचा पुरावा नसेल तर बदलून मिळणारं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं असतं. म्हणजे तुमच्या घरात गाडी चालवायला एक माणूस कदाचित परीक्षेशिवायच तयार आहे, आणि त्यांना ते ठाऊक नाही.

आता तुमचं वर्ष. भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही, म्हणजे तुम्हाला नव्या चालकासारखं सगळं करावं लागणार: प्रोव्हिजनल, म्हणजे तिथलं शिकाऊ लायसन्स, मग थिअरी, मग प्रॅक्टिकल. यातला पेच असा की प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी मागच्या १२ महिन्यांतले किमान १८५ दिवस तुम्ही तिथे राहिलेल्या असायला हव्यात. सप्टेंबरअखेर पोचलात तर मार्चअखेरपर्यंत तुम्हाला परीक्षाच देता येत नाही. आणि पुढच्या सप्टेंबरअखेर मुभा संपते. मधले सहा महिने उरतात, आणि प्रॅक्टिकलच्या तारखेसाठी कोविडनंतर कित्येक ठिकाणी महिनोन् महिने थांबावं लागतं. "वर्ष आहे की" म्हणून जो उन्हाळ्यात जागा होतो त्याला तारीख पुढच्या हिवाळ्याची मिळते. दहाव्या महिन्यातले ते फोन याचेच.

म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच प्रोव्हिजनलचा अर्ज टाका. ऑनलाईन ३४ पौंड, पोस्टाने ४३. पोस्टाने करावा लागला तर पासपोर्ट स्वान्सीला, त्यांच्या लायसन्स खात्याकडे पाठवावा लागतो, तेव्हा त्या दिवसांत प्रवास ठरवू नका. व्हिसा १८५ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा हवा, तो तुमचा असेलच. बऱ्याच जणांना धास्ती असते की प्रोव्हिजनल काढलं की लगेच एल पाटी लावावी लागेल. तसं नाही. १२ महिने पूर्ण होईपर्यंत तुमचं गोव्याचं लायसन्स तुम्हाला पूर्ण चालकाचाच दर्जा देतं.

थिअरी दिवाळी ते नाताळ या दिवसांत उरकून टाका. फी २३ पौंड. ५० प्रश्न, त्यातले ४३ बरोबर हवेत. शिवाय १४ व्हिडिओ असतात, रस्त्यावर धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं, ७५ पैकी ४४ गुण लागतात. परीक्षा इंग्रजीत किंवा वेल्शमध्येच होते. आपल्या चांगल्या चालकांची दांडी या व्हिडिओंत उडते, कारण गोव्यात धोका दिसायच्या आधीच आपला पाय ब्रेकवर असतो. सरावाचे व्हिडिओ इथूनच बघायला लागा. थिअरी पास झाल्याशिवाय प्रॅक्टिकलची तारीख घेता येत नाही आणि तो निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून लवकर दिल्याने नुकसान काहीच नाही. तारीख मार्चनंतरची, मिळेल ती घ्या. प्रॅक्टिकलची फी ६२ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५.

गियरची गाडी तुम्हाला येते, तेव्हा परीक्षा गियरवरच द्या. ऑटोमॅटिकवर दिलीत तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं, आणि तिथली स्वस्त जुनी गाडी बहुधा गियरची असते.

प्रॅक्टिकल साधारण ४० मिनिटांची, खऱ्या रस्त्यावर, त्यातली निम्मी वाट सॅटनॅव्ह (रस्ता दाखवणारं यंत्र) किंवा पाट्या बघून स्वतः काढायची. सुरुवातीला २० मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचायला लावतात. १५ पर्यंत किरकोळ चुका माफ, एक गंभीर चूक झाली की नापास. आपल्याकडे आरटीओच्या मैदानात केलेल्या फेऱ्या मनातून काढून टाका.

आमच्याकडून गेलेले लोक कुठे नापास होतात हे आता मला तोंडपाठ झालंय, आणि गंमत म्हणजे ते गाडी वाईट चालवतात म्हणून नापास होत नाहीत. अरुंद रस्त्याला आपला माणूस कुणाला ऐकत नाही. मयें-नार्वे भागातल्या आतल्या रस्त्यावर समोरून कदंबची बस आली की आपण न बोलता चाक कडेला घालतो, ते तिथल्या एकच गाडी मावेल अशा रस्त्यांवर फार उपयोगी पडतं. रस्ताही आपल्यासारखा डावीकडून, त्यामुळे दुबईला गेलेल्याची पहिली धडपड तुम्हाला नाही. पण आरसा. आपण आरसा बघतो, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. परीक्षक शेजारी बसलेला असतो, त्याला तुम्ही बघितलेलं दिसलं पाहिजे. सिग्नल देण्याआधी, वेग बदलण्याआधी, लेन बदलण्याआधी, प्रत्येक वेळी.

दुसरी जागा राऊंडअबाऊट, म्हणजे आपलं सर्कल. उजवीकडून येणाऱ्याला आधी, हा नियम आपलाही आहे, पण पणजीच्या दिवजा सर्कलवर ज्याने नाक आधी घातलं त्याचा हक्क असतो. तिकडे उजवी बाजू मोकळी असताना थांबून राहिलात तरी चूक धरतात, नको इतका संकोच म्हणून. आणि मोकळी नसताना घुसलात तर परीक्षा तिथेच संपली. योग्य लेन आधी धरायची आणि बाहेर पडताना डावा सिग्नल द्यायचा. स्विंडनला तर मॅजिक राऊंडअबाऊट म्हणून प्रकार आहे, १९७२ च्या सुमाराचा: एका मोठ्या गोलाभोवती पाच छोटे गोल, आणि मधल्या गोलाभोवती वाहतूक उलट्या दिशेने फिरते. घाबरू नका, प्रत्येक छोट्या गोलावर फक्त उजवीकडे बघून पुढे जायचं, एका वेळी एकच गोल सोडवायचा. इथे असताना मोपा विमानतळाच्या नव्या रस्त्यावर सकाळी लवकर जाऊन लेन न सोडता चालवण्याचा सराव करा. लेन हा आपला सर्वांत कच्चा धडा.

हॉर्न जवळजवळ विसरा. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सातपर्यंत तो वाजवायलाच बंदी आहे. समोरच्याने हेडलाईट मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ "मी येतोय, थांब", तिकडे लोक बऱ्याचदा "तू जा" म्हणून मारतात. कायद्याच्या पुस्तकात दोन्ही नाही, म्हणून त्याच्यावर विसंबून काहीच करू नका. वळताना त्या रस्त्यावर पाऊल टाकायला उभा असलेला माणूस दिसला तर २०२२ पासून त्याला आधी जाऊ द्यायचं. वेग मैलांत असतो, वस्तीतले ३० म्हणजे आपले ४८.

हे सगळं एखाद्या शिकवणाऱ्याकडे थोडे तास घेऊन दुरुस्त होतं. गाडीच्या काचेवर हिरवा बिल्ला असलेला पात्र शिक्षक बघा. गुलाबी बिल्ला शिकाऊ शिक्षकाचा असतो. आणि त्याला सांगा की गाडी येते, सवयी मोडून द्या. आमच्यासारख्या स्कूलवाल्याच्या तोंडी हे शोभत नाही, पण मोठं पॅकेज विकणाऱ्याकडे जाऊ नका.

विम्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर दंडाचे ६ पॉईंट. तिथले कॅमेरे नंबरप्लेट वाचून विमा आहे की नाही ते काढतात, पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात. तुमच्या भारतीय लायसन्सवर हप्ता महाग पडेल, त्यात वाद नाही. म्हणून कुणी सल्ला देईल की विमा यजमानांच्या नावावर मुख्य चालक म्हणून काढा आणि गाडी तुम्ही फिरवा. ती सरळ फसवणूक धरली जाते आणि अपघात झाल्यावर कंपनी हात वर करते. लायसन्स भारतीय आहे, किती वर्षांचं आहे, तिथे कधीपासून राहता, सगळं खरं सांगा, आणि लायसन्सची स्थिती बदलली की कंपनीला कळवा. डिलिव्हरीचं काम करायचं मनात असेल तर साध्या विम्यात ते बसत नाही, वेगळा घ्यावा लागतो. मुभा संपल्यावर "दोनच दिवस" म्हणून चालवलेल्या गाडीचा विमाही असाच निकामी ठरू शकतो. पास झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत ६ पॉईंट झाले तर लायसन्सच रद्द होतं, आणि गाडी चालवताना हातात मोबाईल धरला तर एका फटक्यात ६ पॉईंट आणि २०० पौंड.

सप्टेंबर संपला आणि पास झाला नाहीत तर आकाश कोसळत नाही. त्या दिवसापासून तुम्ही प्रोव्हिजनलवाल्या, एवढंच. एल पाटी लावायची, शेजारी २१ वर्षांवरचा आणि तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस बसवायचा, मोटरवे बंद. मोटरवेवर फक्त पात्र शिक्षकाबरोबर, त्याच्या दुहेरी पेडलच्या गाडीत जाता येतं. स्विंडन एम-४ या मोटरवेला लागूनच आहे, त्यामुळे ही अट तुम्हाला टोचेल. रात्रपाळीची नोकरी घ्यायची असेल तर तिथे एकटीने गाडी चालवत पोचणं जमणार नाही, हे नोकरी धरतानाच लक्षात असू द्या.

काही गोष्टी तुमच्या कागदांवर अवलंबून आहेत, त्या इथून मी सांगू शकत नाही: पोर्टलवर तुमची नोंद आहे का, दुबईच्या कार्डाची तारीख काय, विमा कंपनी किती मागेल. फी आणि दंडाचे आकडे ते सरकार बदलत असतं, भरण्याआधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर बघा, आणि परीक्षेची तारीखही तिथूनच घ्या, तारखा विकणाऱ्या एजंटाकडून नको.

शेवटी तुमचा छोटा प्रश्न, गोव्याचं लायसन्स तिकडे जमा करावं लागेल का. नाही. यजमानांचं दुबईचं कार्ड बदलून घेताना जाईल, तुमचं बदलायचंच नसल्यामुळे तुमच्याकडेच राहील, आणि चवथीला घरी आलात की त्यावर इथे गाडी चालवता येईल. मात्र नूतनीकरण, नाव आणि पत्ता यांचे अर्ज जुलैतच टाका. चवथीच्या आधीच्या आठवड्यात आरटीओत तुमच्यासारखीच बाहेर निघालेली मंडळी रांगेत असतात.